दोन विमान कंपन्या एक होताना: कर्मचारी क्रमांक, ओळखपत्रं आणि ज्येष्ठता यादी कशी जुळवावी

विलीनीकरण जाहीर झालं की प्रवाशांना नवं नाव दिसतं आणि विमानांचा रंग बदलू लागतो. कर्मचाऱ्यांच्या बाजूला मात्र त्या दिवशी दोन पगारपत्रकं, दोन रोस्टर (ड्यूटीची वेळापत्रकं), दोन ज्येष्ठता याद्या आणि दोन तऱ्हेची ओळखपत्रं असतात. ही जुळणी कोणत्या क्रमानं होते यावर पुढची कित्येक वर्षं ‘आपले’ आणि ‘तिकडचे’ असे गट राहणार का, हे बरंचसं ठरतं. अमेरिकन एअरलाइन्स आणि यूएस एअरवेजचं विलीनीकरण डिसेंबर २०१३मध्ये पूर्ण झालं, पण दोन्हीकडच्या केबिन क्रूला एका विमानात एकत्र काम करायला ऑक्टोबर २०१८ उजाडला. मधली जवळपास पाच वर्षं एकाच कंपनीची माणसं दोन वेगळ्या व्यवस्थांत उडत होती.

खालच्या सूचना मनुष्यबळ विभाग, क्रू नियोजन, बेसचे (क्रूच्या ठाण्याचे) व्यवस्थापक आणि कामगार संघटनांचे प्रतिनिधी यांच्यासाठी आहेत. सगळ्यांचा पाया एकच आहे: मूळ कंपनीची नोंद यादीत ठेवा, माणसाच्या अंगावर ठेवू नका, आणि ठेवाल त्या प्रत्येक खुणेला संपण्याची तारीख द्या.

‘कुठून आला’ आणि ‘काय येतं’ या दोन वेगळ्या नोंदी

दोन्ही कंपन्यांचं हवाई परिचालन प्रमाणपत्र, म्हणजे एओसी, वेगळं असेपर्यंत एकीच्या क्रूला दुसरीच्या विमानावर सरसकट ड्यूटी लावता येत नाही. दोन्हीकडे एअरबस ए३२० असलं तरी प्रत्येक प्रमाणपत्रामागे स्वतंत्र परिचालन पुस्तिका, स्वतंत्र प्रशिक्षण आणि स्वतंत्र तपासणी असते. दार आर्म करण्याचा (दार उघडताच आणीबाणीची घसरगुंडी फुगेल अशा स्थितीत ठेवण्याचा) आदेश, आणीबाणीत ओरडून द्यायच्या सूचना, ऑक्सिजनची बाटली आणि अग्निशामक कोणत्या कप्प्यात, कॉकपिटशी संपर्काचा ठरलेला संकेत, यांतलं काहीही वेगळं असू शकतं. म्हणून कोण कुठला हे रोस्टरला कळावंच लागतं, आणि हा आग्रह योग्य आहे.

चूक होते ती नोंद करण्याच्या पद्धतीत. बहुतेक ठिकाणी रोस्टरमध्ये ‘मूळ कंपनी’ असा रकाना तयार होतो. मूळ कंपनी कधीच बदलत नाही. सहा महिन्यांनी त्या कर्मचाऱ्यानं फरकांचं प्रशिक्षण पूर्ण केलेलं असतं, तो दोन्हीकडे काम करू शकतो, तरी पडद्यावर जुनंच अक्षर दिसतं आणि नियोजक सवयीनं त्याला जुन्याच ताफ्यावर टाकत राहतो.

रकान्याचं नाव ‘पुस्तिका पात्रता’ ठेवा. त्यात चारच मूल्यं असू द्या: पहिली पुस्तिका, दुसरी पुस्तिका, दोन्ही, संयुक्त पुस्तिका. हे मूल्य प्रशिक्षण नोंदीतून आपोआप यावं. कुणी हातानं भरायचं नाही. सोबत वैधतेची तारीख असावी. मूळ कंपनी ही वेगळी नोंद, वेगळ्या तक्त्यात, फक्त मनुष्यबळ विभागाला दिसेल अशी.

ही अवस्था किती काळ टिकेल याचा अंदाज जुन्या उदाहरणांवरून येतो. डेल्टा आणि नॉर्थवेस्ट यांचा व्यवहार ऑक्टोबर २००८मध्ये पूर्ण झाला आणि एकच प्रमाणपत्र डिसेंबर २००९च्या अखेरीस मिळालं. युनायटेड आणि काँटिनेंटलला ऑक्टोबर २०१० ते नोव्हेंबर २०११ इतका काळ लागला, अमेरिकन आणि यूएस एअरवेजला डिसेंबर २०१३ ते एप्रिल २०१५. म्हणजे चौदा ते सोळा महिने धरून चाला. एअर इंडिया आणि विस्तारा यांनी कायदेशीर आणि परिचालनाचं विलीनीकरण एकाच दिवशी, १२ नोव्हेंबर २०२४ला, केलं. त्यानंतर पूर्वीच्या विस्तारा विमानांच्या फेऱ्यांना २ या अंकानं सुरू होणारे चार अंकी क्रमांक दिले गेले. खूण फेरीवर आली, माणसावर नाही. ती असायला हवी तिथेच होती.

कर्मचारी क्रमांक

दोन्हीकडे पाच अंकी क्रमांक असतील तर २४६१८ हा क्रमांक दोन माणसांकडे निघणारच. त्यावर सगळ्यांना सुचणारा झटपट उपाय म्हणजे एका कंपनीच्या क्रमांकांपुढे १ आणि दुसरीच्या पुढे २ लावणं. एका रात्रीत काम होतं. पण तो पहिला अंक रोस्टरवर, पगारपत्रकावर, हॉटेलच्या यादीवर, रजेच्या अर्जावर निवृत्तीपर्यंत दिसत राहतो. पुढे नव्यानं लागलेल्यांना ३ मिळतो आणि तिसरा गट जन्माला येतो. हा उपाय करू नका. वेळ नसेल तर तो फक्त संगणकाच्या आतल्या तात्पुरत्या किल्लीसाठी वापरा, छापील किंवा पडद्यावरच्या क्रमांकासाठी नाही.

नवा क्रमांक असा बनवा:

१. दोन्ही कंपन्यांनी कधीच न वापरलेली मालिका घ्या, उदाहरणार्थ ४ने सुरू होणारे सात अंक. पहिला अंक शून्य नको, कारण एक्सेलमध्ये उघडताच सुरुवातीची शून्यं गळतात आणि ००४५७चा ४५७ होतो.

२. शेवटचा अंक तपासणी अंक ठेवा, म्हणजे आधीच्या अंकांवरून गणितानं काढलेला, टंकनातली चूक पकडणारा. लून पद्धत पुरेशी आहे: एखादा अंक चुकला तर ती हमखास पकडते, शेजारचे दोन अंक उलटे पडले तरी ०९ आणि ९० ही जोडी सोडून बाकी सगळं पकडते.

३. वाटप यादृच्छिक करा. कंपनीनुसार नको, रुजू तारखेनुसार तर अजिबात नको. जिथे क्रमांक रुजू होण्याच्या क्रमानं दिलेले असतात, तिथे लोक क्रमांक पाहूनच समोरच्याची ज्येष्ठता ओळखतात. ज्येष्ठता क्रमांक ही वेगळी गोष्ट आहे, ती दर वर्षी नव्यानं प्रसिद्ध होते.

४. एकदा दिलेला क्रमांक, जुना असो वा नवा, पुन्हा कुणाला देऊ नका.

जुन्या क्रमांकांसाठी एक जोड-तक्ता लागतो. रकाने पाच: नवा क्रमांक, जुन्या कंपनीचं चिन्ह, जुना क्रमांक, कधीपासून, कधीपर्यंत. जुना क्रमांक संख्या म्हणून नाही, मजकूर म्हणून साठवा. एका माणसाच्या दोन-तीन ओळी असू शकतात. आधी एका कंपनीत असलेला आणि नंतर दुसरीत गेलेला माणूस विमान व्यवसायात दुर्मीळ नाही.

देखभाल विभागात विशेष जपा. विमान सेवेसाठी मोकळं करताना अभियंत्यानं सही केलेली असते आणि सोबत कंपनीनं दिलेला अधिकार क्रमांक किंवा शिक्का असतो. जुन्या नोंदींत नवा क्रमांक घालायचा मोह टाळा. ती नोंद जशी झाली तशीच राहिली पाहिजे. सही कुणाची हे जोड-तक्त्यातून शोधायचं. दोन्ही कंपन्यांत ११२ क्रमांकाचा शिक्का असेल आणि दोघंही एका हँगरमध्ये आले, तर वर्षभरानं एखादा भाग काढताना तो कुणी बसवला हे सांगता येणार नाही. म्हणून हँगर एकत्र होण्याच्या आदल्या दिवशी दोन्हीकडचे जुने शिक्के सही घेऊन परत घ्या, न आलेल्यांची यादी करा आणि नव्या मालिकेचे शिक्के त्याच टेबलावर द्या.

बदल कधी करायचा? पगार झाल्यानंतर लगेच, महिन्याच्या सुरुवातीला. रोस्टरची बोली सुरू असताना, म्हणजे क्रू पसंतीच्या ड्यूट्या मागत असताना, कधीच नाही. आधीचे दोन महिने पगार जुन्या आणि नव्या दोन्ही क्रमांकांवर समांतर काढून फरक शोधा. क्रमांक वापरणाऱ्या प्रणालींची यादी करायला बसलात की ती अपेक्षेपेक्षा लांब निघते: पगार, रोस्टर, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, दारांचे कार्डवाचक, कर्मचारी प्रवास, हॉटेल, गाड्या, गणवेश भांडार, सुरक्षा अहवाल, संघटनेची वर्गणी. शेवटच्या तीन हमखास विसरल्या जातात. जुन्या क्रमांकानं लॉगइन किमान तीन महिने चालू ठेवा.

एकच माणूस दोनदा आहे का

जुळणीसाठी नावावर अवलंबून राहू नका. आद्याक्षरं, लग्नानंतर बदललेलं आडनाव, स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरक, नावाआधी आडनाव, एवढं पुरतं गोंधळाला. वैमानिक आणि परवानाधारक अभियंत्यांसाठी नियामकानं दिलेला परवाना क्रमांक हीच खरी किल्ली, कारण नोकरी बदलली तरी तो माणसाबरोबर राहतो. बाकीच्यांसाठी जन्मतारीख, सरकारी ओळखपत्राचा क्रमांक आणि नाव या तिन्हींपैकी दोन जुळले पाहिजेत. संशयास्पद जोड्या दोन माणसांनी मिळून तपासाव्यात, प्रत्येक जुन्या कंपनीचा एक. यंत्राला सोपवू नका. इथली एक चूक म्हणजे कुणाच्या तरी नोकरीची काही वर्षं गायब.

ओळखपत्र आणि विमानतळाचा प्रवेश परवाना

ही दोन वेगळी कार्डं आहेत आणि ती वेगळ्या वेगानं बदलतात. कंपनीचं कार्ड तुमच्या हातात आहे. विमानतळाच्या सुरक्षित भागात जाण्याचा परवाना सुरक्षा यंत्रणा किंवा विमानतळ देतो, त्यावर मालक कंपनीचं नाव असतं, आणि तो बदलायला प्रत्येक विमानतळावर वेगळी रांग असते. भारतात हा परवाना बीसीएएसच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या, नियमांखाली येतो.

कायदेशीर कंपनी बदलण्याच्या किमान चार महिने आधी विमानतळनिहाय तक्ता करा: किती परवाने, मुदत कधी संपते, त्या ठिकाणी दिवसाला किती कार्डं निघतात. भागाकार केलात की कळतं कुठे अडणार. जुनं नाव असलेले परवाने अमुक तारखेपर्यंत चालतील असं लेखी पत्र संबंधित यंत्रणेकडून घ्या आणि त्याची प्रत प्रत्येक प्रवेशद्वारावरच्या सुरक्षा चौकीला पोचवा. हे पत्र मुख्य कार्यालयात पडून राहतं आणि पहाटे चार वाजता क्रू दारावर अडतो, हा नेहमीचा प्रकार. आंतरराष्ट्रीय फेऱ्यांसाठी क्रू सदस्य प्रमाणपत्र, क्रूची यादी आणि हॉटेलला दिलेलं पत्र या तिन्हींवर कंपनीचं नाव एकसारखं हवं.

नव्या कार्डावर काय छापायचं: छायाचित्र, नाव, नवा क्रमांक, विभाग, वैधता. काय छापायचं नाही: जुनी कंपनी, रुजू झाल्याचं वर्ष, जुन्या बेसचा रंग. पार्श्वरंग विभागानुसार ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, पण एका विभागाचे दोन रंग होऊ देऊ नका. कार्ड छापणाऱ्याकडे जुना साठा उरला म्हणून ‘तो आधी संपवू’ असं ठरतं आणि वर्षभर एका गटाच्या गळ्यात निळं, दुसऱ्याच्या गळ्यात लाल कार्ड दिसतं.

गळ्यातले पट्टे, सामानाच्या पट्ट्या, टाय-पिन आणि पंखांचे बिल्ले यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि गटाची खूण म्हणून तेच टिकतात. बंदी घातली की त्यांचं मोल वाढतं. त्याऐवजी पहिल्या दिवशी सगळ्यांना कार्डासोबत नवा पट्टा द्या, जुनी चिन्हं आठवण म्हणून घरी ठेवायला सांगा, आणि किती वर्षं सेवा झाली याचा एकच संयुक्त बिल्ला काढा ज्यात दोन्हीकडची वर्षं मोजली आहेत. आधीच्या कंपनीबद्दल माणसाला माया असते. तिचा मान राखला तर लोक नवा पट्टा आपणहून घालतात.

गणवेश सगळ्यांचा एकाच तारखेला बदला. शिंप्याकडून माल वेळेत येत नसेल तर बेसनिहाय टप्पे करा, कंपनीनिहाय कधीच नको.

ज्येष्ठता यादी

गट पडण्याचं सगळ्यांत मोठं कारण इथे आहे. वैमानिक आणि केबिन क्रूला ज्येष्ठतेवरून विमानाचा प्रकार, बेस, रजा, रोस्टर आणि कपातीच्या वेळी नोकरी मिळते किंवा जाते. म्हणून तारखेचा एक दिवसही इथे महत्त्वाचा.

पद्धती ढोबळमानानं तीन. पहिली, रुजू तारखेनं. दुसरी, पदाच्या प्रमाणानं: एका कंपनीत ६०० कॅप्टन आणि दुसरीत २०० असतील तर यादीत तीनामागे एक असं गुंफायचं. तिसरी, दोन्हींचं मिश्रण. आणखी एक प्रकार झाला आहे, तो म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या लोकांना सरळ यादीच्या तळाला जोडणं. २००१मध्ये टीडब्ल्यूए (ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स) ही कंपनी अमेरिकन एअरलाइन्सकडे गेली तेव्हा तिच्या केबिन क्रूचं हेच झालं, आणि २००३पर्यंत त्यांतले जवळजवळ सगळे कपातीत बाहेर होते. त्या अनुभवातून डिसेंबर २००७मध्ये अमेरिकेत मॅकॅस्किल-बाँड दुरुस्ती आली. एकत्रीकरण न्याय्य आणि समतोल असलं पाहिजे आणि वाद मिटला नाही तर लवादाकडे जावं, हे तिचं सूत्र. ते १९७२च्या अलेगेनी-मोहॉक प्रकरणातल्या कामगार संरक्षण अटींवरून घेतलेलं आहे.

पद्धत निवडण्यापूर्वी दोन कंपन्यांचं वय पाहा. जुन्या, थांबलेल्या कंपनीत पंधरा वर्षांचा माणूस अजून सहवैमानिक असतो. वाढत्या तरुण कंपनीत सहा वर्षांचा कॅप्टन असतो. रुजू तारखेनं गेलात तर तरुण कॅप्टन तळाला जातो, प्रमाणानं गेलात तर जुना सहवैमानिक. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५मध्ये एकत्र आल्या तेव्हा नेमकी हीच स्थिती होती. लवाद जॉर्ज निकोलाव यांनी मे २००७मध्ये निवाडा दिला: यूएस एअरवेजचे सुमारे ५०० सर्वांत ज्येष्ठ वैमानिक वर, कपातीत घरी बसलेले तळाला, बाकीचे प्रमाणानं गुंफलेले. पूर्वेकडच्या, म्हणजे जुन्या यूएस एअरवेजच्या, गटाला तो मान्य झाला नाही. ते संख्येनं जास्त होते. २००८मध्ये त्यांनी जुन्या संघटनेच्या जागी नवी संघटना निवडून आणली. ‘ईस्ट’ (यूएस एअरवेज) आणि ‘वेस्ट’ (अमेरिका वेस्ट) हे दोन गट अमेरिकन एअरलाइन्सबरोबरच्या पुढच्या विलीनीकरणातही तसेच आले, आणि सगळ्यांची एकत्र यादी २०१६च्या निवाड्यानंच झाली. धडा सरळ आहे: अंमलबजावणीची तारीख आणि ती कुणी रोखू शकणार नाही याची व्यवस्था निवाड्याच्या आधी लिहून ठेवा, नंतर नाही.

कामाचा क्रम असा असावा. आधी गोठवणीची तारीख ठरवा, त्या दिवशीच्या दोन्ही याद्या दोन्ही संघटनांनी प्रमाणित कराव्यात. मग ‘रुजू तारीख’ म्हणजे काय ते एका वाक्यात लिहा: प्रशिक्षणाचा पहिला दिवस, नेमणूक पत्राचा दिवस की पहिलं उड्डाण. दोन कंपन्यांत हा अर्थ वेगळा असतो आणि फरक तीन-चार महिन्यांचा पडू शकतो. बिनपगारी रजा, कपातीचा काळ, बाळंतपणाची रजा, जमिनीवरच्या पदावर घालवलेली वर्षं धरायची की नाही, हेही नावं न पाहता आधी ठरवा. नावं समोर आली की प्रत्येक नियमाला एक चेहरा मिळतो. एकाच तारखेला लागलेल्यांसाठी तोडगा जाहीर करा, जन्मतारीख किंवा उघड सोडत. मसुदा यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींना तीस दिवस द्या, आणि प्रत्येक हरकतीचं उत्तर कारणासह लेखी द्या.

काही काळापुरती कुंपणं घालावी लागतात, म्हणजे ठरावीक ताफा किंवा बेस ठरावीक गटासाठी राखीव. ती घाला, पण प्रत्येकाला तारीख किंवा मोजता येणारी अट जोडा: अमुक तारखेपर्यंत, किंवा या ताफ्यातली तमुक विमानं निवृत्त होईपर्यंत. ‘परिस्थिती स्थिर होईपर्यंत’ असं लिहिलेलं कुंपण कधीच उठत नाही.

पगार आणि प्रशिक्षणाच्या संधी

ओळखपत्र एक आणि पगारश्रेणी दोन, ही अवस्था फार दिवस चालत नाही. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७मध्ये एकत्र आल्या. २०११मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वेतन समानतेसाठी संप केला. २०१२मध्ये बोइंग ७८७चं प्रशिक्षण कुणाला द्यायचं यावरून पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांचं आंदोलन ५८ दिवस चाललं. दरम्यान न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. एकत्र येऊन चार-पाच वर्षं झाली होती. म्हणून समान श्रेणीपर्यंतचे टप्पे आणि नव्या विमानाच्या प्रशिक्षणाच्या जागांचं वाटप, दोन्ही पहिल्याच वर्षी लेखी ठरवा.

खोल्या आणि पहिली एकत्र उड्डाणं

एका बेसवर दोन क्रू कक्ष असतील तर एक बंद करा, आणि शक्य असेल तर दोन्ही बंद करून तिसऱ्या जागी जा. ज्यांच्या खोलीत दुसरे येतात ते यजमान ठरतात आणि येणारे पाहुणे. कप्पे नव्या क्रमांकाच्या क्रमानं वाटले की माणसं आपोआप मिसळतात. ईमेलचे पत्ते एका रात्रीत सगळ्यांचे बदला. बेसच्या दोन उपव्यवस्थापकांपैकी एक इकडचा, एक तिकडचा अशी नेमणूक पहिलं वर्ष ठीक. पण त्यांची कामं विषयानुसार वाटा, माणसांनुसार नको, नाहीतर प्रत्येकजण आपल्या माणसाकडेच तक्रार घेऊन जाईल.

संयुक्त पुस्तिका लागू झाल्यावर पहिले तीन महिने प्रत्येक मिश्र केबिन क्रूच्या उड्डाणपूर्व बैठकीत पाच मिनिटं जास्त द्या. दाराचा आदेश, आणीबाणीच्या घोषणा आणि साहित्याच्या जागा प्रत्येकानं मोठ्यानं म्हणायच्या. ताणाच्या क्षणी हात जुन्या सवयीकडे वळतो, हे मान्य करूनच हा नियम आहे. चुकीच्या आदेशाची नोंद सुरक्षा अहवालात जरूर करा, पण त्यात मूळ कंपनीचा रकाना ठेवू नका; कोणतं प्रशिक्षण कधी झालं तेवढं पुरेसं आहे.

मूळ कंपनीची नोंद कुणाला, किती काळ

ती पुसून टाकणं चूक आहे. निवृत्तिवेतन, सेवेचा सलगपणा, ज्येष्ठतेचे वाद आणि बढत्यांत पक्षपात होतोय का हे तपासणं, यांसाठी ती लागते. मनुष्यबळ विभागातल्या दोन-तीन नेमलेल्या माणसांनाच ती उघडता यावी आणि कुणी कधी पाहिली याची नोंद राहावी. दर सहा महिन्यांनी बढत्या, शिस्तभंगाच्या कारवाया, ड्यूटी अदलाबदलीचे नाकारलेले अर्ज आणि प्रशिक्षणाच्या जागा यांची मूळ कंपनीनुसार एकत्रित आकडेवारी काढा. एखाद्या गटात दहापेक्षा कमी माणसं असतील तर तो आकडा छापू नका, माणूस ओळखू येतो.

एकच प्रमाणपत्र मिळालं की रोस्टरमधला पात्रतेचा रकाना सगळ्यांसाठी ‘संयुक्त’ होईपर्यंतची अंतिम तारीख लावा आणि त्या तारखेला तो रकाना काढून टाका. विलीनीकरणानंतर नव्यानं लागलेल्यांसाठी मूळ कंपनीचा रकाना मोकळा राहू द्या. ‘नवीन’ असं चिन्हही नको. निवृत्त कर्मचाऱ्यांचे प्रवास पास आणि कंत्राटी कामगारांची कार्डं याच यादीत आणा, कारण त्यांची जुनी कार्डं वर्षानुवर्षं फिरत राहतात आणि दारावरच्या माणसाला ती ओळखू येत नाहीत. निवृत्तांना नवा क्रमांक टपालानं पाठवा, सोबत जुना क्रमांकही लिहा, म्हणजे त्यांना आपला पास शोधायला कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत.